गोवा घाटाने नव्हे, पाण्याने राखला

मा. संपादक,

डिसेंबर जवळ आला की सीमाभागातल्या वृत्तपत्रांत गोवा मुक्तीवरचे लेख येऊ लागतात. बेळगावात जमलेली १७ वी डिव्हिजन, सांबऱ्याहून उडालेली हंटर विमाने, अनमोड घाटाने उतरलेल्या पलटणी हे सगळे त्यात असते आणि असावेच. नौदलाची बोळवण मात्र दोन ओळींत होते. वाचणाऱ्याला वाटते, घाट उतरला की गोवा हाती आला.

तसे असते तर पोर्तुगीज साडेचारशे वर्षे टिकलेच नसते. जुने गोवे आणि पणजी ज्या तिसवाडीत आहेत, ते बेट आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, दोन्हींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी आणि पश्चिमेला समुद्र. घाटावरून उतरलेले लष्कर या पाण्याशी येऊन थांबायचे. होड्या पलीकडच्या काठाला आणि खाडीत पोर्तुगिजांच्या तोफा लावलेल्या नावांची गस्त. विजापूरच्या अली आदिलशहाने १५७० च्या अखेरीस वेढा घातला, तो जवळपास दहा महिने चालवला आणि शेवटी उठवला. संभाजी महाराजांनी १६८३ च्या नोव्हेंबरात ओहोटी साधून रात्री जुवे बेट घेतले. तिसवाडीच्या इतक्या जवळ पोचणे सोपे नव्हते. पण औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने उतरतो आहे म्हटल्यावर त्यांना मागे फिरावे लागले.

या शाहआलमचे पुढे काय झाले, ते आपल्याकडच्यांनी जरूर वाचावे. घाटाने माणूस उतरतो, धान्य उतरत नाही. लमाणांच्या बैलाच्या पाठीवर शंभर-सव्वाशे किलो माल जातो, म्हणजे शंभर टनांच्या एका गलबताची बरोबरी करायला आठशे ते हजार बैल हवेत. शिवाय त्या बैलांनाही वाटेत चारा लागतोच. मोगलांची भिस्त सुरतेहून समुद्रमार्गे येणाऱ्या धान्यावर होती. ते पुरेसे पोचले नाही. कोकणात उपासमार आणि रोगराईने माणसे-जनावरे मेली आणि उरलेली फौज १६८४ च्या सुरुवातीला त्याच रामघाटाने वर चढली.

उलट बाजूही पाहावी. १५१० च्या फेब्रुवारीत पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला शहरातून हुसकले. पावसाळा लागला होता. मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटू लागल्या की जहाज बाहेर पडत नाही. आरमार ऑगस्टपर्यंत नदीतच अडकले, काठावरून तोफा चालू, जहाजांवर खायला नाही. शत्रू असा कोंडलेला सापडूनही आदिलशाहीला तो संपवता आला नाही, कारण पाण्यात उतरून लढेल असे आरमार तिच्यापाशी नव्हते. नोव्हेंबरात अल्बुकर्क परत आला आणि मग १९६१ पर्यंत पोर्तुगीज हलले नाहीत.

१९६१ मध्ये घाट तेच, नद्या त्याच. बदलला तो समुद्राचा मालक. त्याच वर्षी नौदलात आलेली विमानवाहू विक्रांत खोल समुद्रात गस्तीला होती. पोर्तुगिजांची गोव्यातली एकमेव मोठी युद्धनौका ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ (नाव पाहा!) १८ डिसेंबरला आपल्या बेतवा आणि बियास या युद्धनौकांनी बंदरातच गाठली. मार बसल्यावर तिच्यावरच्यांनी ती किनाऱ्याला लावली. लिस्बनहून कुमक येण्याचा मार्ग उरला नाही. पोर्तुगिजांनी वाटेतले पूल उडवले खरे, पण पाण्यावरची गस्त संपल्यावर नदी अडवणार कोण? १९ तारखेला सकाळी आपले जवान मांडवी ओलांडून पणजीत शिरले.

कारवारजवळच्या अंजदीव बेटावर नौसैनिक उतरवले, तिथे मात्र आपले सात जण पडले. यंदा लेखासोबत नकाशा छापलात तर चोर्ला आणि अनमोड घाटांबरोबर हे बेटही दाखवावे, ही विनंती. आज ते कारवारच्या कदंब नौदल तळाचा भाग असून लाटा अडवणाऱ्या बांधाने किनाऱ्याला जोडलेले आहे.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव