कोरडा हात

डिचोली,
१२ जून

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू एका दमात सांगितलंस की मिठाचं पाणी झालं, रव्यात जाळी पडली, डाळीला कसलासा वास येतोय, तवा गंजला आणि तुम्ही तिघं बिस्किटं खाऊन झोपलात. मी उत्तर द्यायच्या आत तुझी बस आली. म्हणून हे पत्र. पिशवीतलं सामान काढायच्या आधी हे वाच. पिशवी शेजारच्या काकांबरोबर पाठवते आहे, ते रोज वेर्ण्याला येतात.

सगळ्यात वर पप्पांच्या जुन्या पंच्याची चार फडकी आहेत. ती बघून हसशील, पण या पिशवीतलं सगळ्यात कामाचं सामान तेच. तू जे चार घोटाळे सांगितलेस ते चार नाहीत, एकच आहे. ती ओल आहे. मृग लागला की गोव्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात, तिथे तुझ्या मिठाची काय कथा. एक फडकं हात पुसायला, एक धुतलेली भांडी पुसायला, एक ओट्याला, एक गरम भांडं उचलायला. यांची अदलाबदल करायची नाही. आणि ओलं फडकं घडी घालून कोपऱ्यात टाकायचं नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा वास सगळ्या भांड्यांना लागतो.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष होतं. बांद्याहून इथे आले तेव्हा या घरातले अर्धे शब्द मला कळत नव्हते. मी आमसूल म्हणायची, तुझी आजी सोलां म्हणायची. मी आठळ्या मागायची आणि ती बिकणां पुढे करायची. त्या मे महिन्यात तिने वर्षाचं मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं, घातलं होतं, दीड हात उंच चिनीमातीच्या बरणीत. जुलैमध्ये एका दुपारी मी तांदूळ धुता धुता उठले, तसाच ओला हात, ओला चमचा, दोन फोडी काढल्या आणि फडकं बांधून बरणी परत ठेवली. कुणी पाहिलं नाही. चवथीच्या आधी आजीने दादरा सोडला तर तेलावर पांढरी साय आलेली, आणि वास असा की मी दोन पावलं मागे झाले. ती ओरडली नाही. बरणी उचलून मागे फणसाच्या मुळाशी रिकामी केली, विहिरीवर घासून उन्हात उपडी घातली आणि मला म्हणाली, "हात सुको कर आनी जेवपाक वाढ." वर्षभर पानात मिस्कुटाची जागा मोकळी राहिली. विकतचं आणायचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही.

तेव्हापासून माझ्या कमरेला फडकं असतं, ते यासाठी. तू लहानपणी त्याला नाक पुसायचास.

असो. आता सामान.

मीठ काचेच्या बरणीत भर आणि तळाशी चमचाभर कोरडे भाजलेले तांदूळ टाक. शेगडीच्या शेजारी ठेवू नको, भाताची वाफ थेट त्यात जाते. पातेल्यावर धरून डब्यातून मीठ सोडायची तुझी सवय मला माहीत आहे. चमचा वापर. रवा मी भाजून दिला आहे, तो गार झाल्यावरच डब्यात भरलाय. पुढच्या वेळी दुकानातून आणलास तर त्याच दिवशी भाज, अर्धा किलोला दहा मिनिटं लागतात. नाहीतर पुडीसकट चार दिवस फ्रीजरमध्ये ठेव, अळीची अंडी तिथेच मरतात. पण बाहेर काढल्यावर पुडी लगेच फोडू नको. तिच्यावर पाणी सुटतं, ते जाऊ दे, मग डब्यात ओत. जाळी पडलेला रवा चाळून खायचा नाही, टाकून दे. डाळीला नुसता वास असेल तर पावसाने उघडीप दिल्यावर ऊन दाखव, नाहीतर कढईत गरम करून घे.

तांदूळ ज्योती जातीचा उकडा आहे, पाच किलो. तो साध्या तांदळासारखा वीस मिनिटांत होत नाही, म्हणून तू मागे चिडला होतास. रात्री भिजत घालायला विसरलास तरी चालेल. तीन पाण्यांनी धू, तांदळाच्या सहापट पाणी उकळव, तांदूळ सोड आणि चांगली उकळी आली की झाकण ठेवून गॅस बंद कर. अर्धा तास त्याच्याकडे बघू नको. आंघोळ कर, कपडे इस्त्री कर. मग परत गॅस लाव, दहापंधरा मिनिटांत शीत बोटाखाली मऊ लागतं. गॅसही वाचतो. वरचं पाणी ओतून टाकू नको. थोडी शितं, ती निवळ आणि मीठ, झाली पेज. सकाळी कामावर जाताना ती पिऊन गेलास तर अकरा वाजता कँटीनमधल्या भज्यांकडे बघणार नाहीस. सोबत तोंडी लावायला चेपणीची, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली, कैरी दिली आहे, पाण्यासकट. कोरड्या चमच्याने काढ. मी हे आणखी किती वेळा लिहीन ते माहीत नाही.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. पूर्वी ठेवत होते, पाणी घालून, हे मला सांगू नको. गार झाला की फ्रीजमध्ये. उबेत राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते परतल्यानेही जात नाही. तुमचा तो शनिवारचा फ्राईड राईस आठव, आणि रविवारी तिघांची पोटं.

सोलां यंदाची आहेत, काळीभोर. काचेच्या बरणीतच ठेव. भिजवायला स्टील किंवा काच घे, ऍल्युमिनियमचं पातेलं नको, आंबटाने ते काळं पडतं आणि सोलांनाही चव येते. नारळ फोडायचा कंटाळा आला तर फुटी कढी कर. दहा सोलां दोन पेले कोमट पाण्यात अर्धा तास, मग कुस्करून गाळ. त्यात ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर. ती शिजवायची नाही. भातावर घे किंवा नुसती पी. पिळून उरलेला चोथाही लगेच टाकू नको, त्यात मीठ घालून तांब्याचा तांब्या घास, कसा लखलखतो बघ. आमच्याकडे समईला बिंबलं, ती आंबट फळं, चालतात. तुझ्या शर्टाच्या खिशापाशी जो गंजाचा डाग आहे त्यालाही बिंबलच लागेल, शर्ट घरी आण.

नारळ तीन आहेत. नारळ पाडणारा पाडेली यंदा दोनदाच चढला, तेव्हा जपून. विकत घ्यायची वेळ आली तर कानाशी हलव, पाणी खळखळलं पाहिजे, आणि डोळे कोरडे हवेत. डोळ्यापाशी ओलसर किंवा बुरसट दिसला तर परत ठेव. फोडल्यावर डोळ्यांची वाटी आधी वापर, ती लवकर खराब होते. दुसरी फ्रीजमध्ये. सगळा एकदम खवायचा असेल तर मुठीएवढे गोळे करून फ्रीजरमध्ये टाक.

आता मासे. १ जूनपासून बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बाहेर जाणार नाहीत. या दिवसांत बाजारात जे येतं ते बहुतेक बर्फातलं, त्याच्या मागे धावू नको. डब्यात सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, आहेत. मी त्यांना मे महिन्यात दोन दिवस परत ऊन दाखवलंय, खाली वर्तमानपत्र घातलंय. डबा उघडलास की लगेच बंद कर.

किसमूर तुला येत नाही म्हणतोस, पण त्यात येण्यासारखं काही नाही. मूठभर सुंगटांची डोकी आणि शेपट्या मोडून काढ. तवा कोरडा, आच मंद. पहिली दोन मिनिटं काही होत नाही, मग वास बदलतो. आधी समुद्राचा असतो, नंतर खमंग होतो. एक उचलून बोटांत दाब. वाकलं तर अजून नाही, कट्ट करून मोडलं तर उतरव. चाळणीत घालून दोनदा झटक, खाली वाळू पडेल. ती वाळू तुझ्या दाताखाली येण्यापेक्षा तिथे बरी. मग एक कांदा बारीक चिरून त्यात मीठ आणि तिखट चुरड, चार चमचे खोबरं, चिंचेचा कोळ चमचाभर, आणि वरून कच्चं खोबरेल. सुंगटं अगदी शेवटी, पानं मांडल्यावर. आधी मिसळलीस तर कांद्याच्या पाण्याने मऊ पडतात आणि मग ते किसमूर राहत नाही. तुझा बेळगावचा मित्र शाकाहारी असेल तर तवा वेगळा ठेव आणि भाजताना खिडकी उघड. वास त्याच्या उशीपर्यंत जातो. घरात राहायचं म्हणजे एवढं बघावं लागतं.

ऑगस्टमध्ये बंदी उठली की बांगडे घेशील. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल, पोट बोटाने दाबलं की परत वर येणारं. घेतल्यावर मित्रांशी गप्पा मारत उन्हात उभा राहू नको. बांगडा ताटकळला की त्यात असा दोष होतो की कितीही शिजवला तरी तो जात नाही, अंगावर गांध्या उठतात. तुझ्या आत्याला एकदा झालंय, चेहरा लालबुंद. थेट खोलीवर जायचं, साफ करायचा, मीठ लावायचं, फ्रीजमध्ये ठेवायचा. तिरफळं छोट्या डबीत आहेत, त्यांतलं काळं बी काढलेलं आहे. आठदहा तिरफळं किंचित ठेचून हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, घाल, वाटणाबरोबर वाटू नको, कडू होईल. बांगडे सोडल्यावर डावाने ढवळायचं नाही, भांडं कानाला धरून फिरवायचं. बाकी हुमण फोनवर सांगीन, ते एका पत्रात मावायचं नाही. मिरची काणकोणच्या खोला गावची दिली आहे. रंग भरपूर, तिखट बेताचं. पप्पांना हरमलचीच हवी होती, पण तुमच्या तिघांच्या पोटाचा विचार केला.

लोखंडी तवा गंजला म्हणालास. फेकू नकोस, तो आजीचा आहे. मीठ आणि चिंच घेऊन घास, धू, आणि लगेच गॅसवर ठेवून पाणी पूर्ण उडव. गरम असतानाच तेलाचा बोळा फिरव. रोज एवढंच. धुऊन ओला ठेवलास तर रात्रीत लाल होणार.

दोन गोष्टी जरा दटावून सांगते. कुकर लावायच्या आधी झाकणाची शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघ. डाळ असेल तर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, डाळीचा फेस नळीत अडकतो. आणि गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, लावायचंही नाही, बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो, म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघड. झोपताना रेग्युलेटर बंद करायची सवय लाव. न्हाणी धुताना ब्लीच आणि आम्लाचा क्लीनर एकत्र ओतायचा नाही. मी एकदा घाईत ओतला होता, बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं, घसा दोन दिवस जळत होता. पप्पांना मी धूळ गेली नाकात असं सांगितलं, तेव्हा तूही गप्प राहा.

गादी भिंतीला टेकवून ठेवतोस ना? चार बोटं पुढे ओढ, नाहीतर मागे काळी बुरशी धरते. ओले कपडे खोलीत वाळत घालावे लागतात ते कळतं, पण पंखा चालू ठेव आणि पाऊस थांबला की खिडकी उघड, अर्धा तास का होईना.

आठळ्या सगळ्यात खाली आहेत, लाल माती लावून सुकवलेल्या. माती धुऊन ठेवू नकोस, तिच्यामुळेच त्या टिकतात. लागतील तेवढ्याच धू. कुठे टाकळा उगवलेला दिसला तर कोवळी पानं खुडून आण, आठळ्या घालून भाजी छान होते. रस्त्याकडेचा नको, गाड्यांची घाण असते.

पप्पा बरे आहेत. कोंबडीने पुन्हा माडीवर अंडी घातली. येत्या रविवारी येशील तेव्हा रिकाम्या बरण्या घेऊन ये, झाकणांसकट. मागच्या वेळी तीन झाकणं कमी होती.

तुझी,
आई