या वेळी खिडकी बाबांची

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बोलले असते तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि विषय तिथेच संपला असता, म्हणून लिहितेय. दिवाळीआधीच्या शनिवार-रविवारी आपण तिघं निघतोय. मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर. येताना पाचगणी, पसरणी घाट आणि आईसाठी वाईचा ढोल्या गणपती. खोलीचे पैसे भरलेत. तुम्हाला न विचारता भरले, ते चुकलंच माझं.

आणि बाबा, गाडी मी चालवणार.

रागावू नका. २८ वर्षं त्या घाटांत एस.टी. चालवलीत, कधी कठड्याला घासली नाही. पण घाट बघितलात कधी? मी बॉनेटवर आईने दिलेल्या गोधडीच्या घडीवर बसून "बाबा, ते बघा" ओरडायचे, आणि तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "तू बघ आणि मला सांग." पाचगणीलासुद्धा सगळे टेबललँडवर जायचे, तुम्ही स्टँडवर टायर बघत बसायचात.

त्या दिवशी चक्कर येऊन गेल्यावर तुम्ही किल्ली गुपचूप खिळ्याला अडकवलीत, ते मी दारातून पाहिलं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.

गच्चीवरून डोंगर दाखवून तुम्ही सांगायचात, या पायऱ्या राक्षसांनी चढायला केल्यात. या दगडाला ट्रॅप म्हणतात ना, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलाय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, निवला, पुन्हा वाहिला, असे थरावर थर. मध्ये बराच काळ गेला की वरच्या दगडाची माती व्हायची आणि पुढचा लाव्हा ती भाजून काढायचा. दरडीत काळ्या दगडांमध्ये तांबडी पट्टी दिसली की समजा, तीच ती. आई, अगदी भट्टीतल्या विटेसारखी. टेबललँडवरचा लाल जांभासुद्धा मूळचा हाच काळा दगड, लाखो वर्षांच्या पावसाने तसा झालेला.

खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही. कमोड आहे, पहाटे गरम पाणी मिळतं, मी दोनदा विचारून घेतलंय. दर तासाला थांबू. आई, घाट लागायच्या आधी आवळासुपारी तोंडात ठेव आणि पुढे बघत बस, मळमळणार नाही. लोणच्याची बरणी घ्यायची नाही. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घे, तेवढं पुरे. बाबांच्या बी.पी.च्या गोळ्या पिशवीत नको, त्यांच्या खिशात. कानटोपी दोघांनीही घालायची, वाद नको.

बाबा, पुढची डावीकडची सीट तुमची, काच पूर्ण खाली. वळणावर पाय आपसूक ब्रेक शोधेल. शोधू दे. हॉर्न कुठे द्यायचा ते मात्र सांगत राहा, केळघरची वळणं मला अजून पाठ नाहीत.

तुमची,
चिमी