एका फोनबद्दल: बोर्डिंगमधल्या काकांना पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव, तुमचं गाव, तुम्ही तेव्हा काम करत होतात त्या, कुत्री सांभाळायला ठेवतात अशा बोर्डिंगचं नाव यातलं काहीही इथे येणार नाही, तसा शब्द मी तुम्हाला दिला आहे. तुमची लेक हे तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हा दोन ओळींतच तुम्हाला कळेल की हे तुमच्यासाठी आहे.

त्या दिवशी फोनवर आभार मानायला वेळच मिळाला नाही. तुम्ही हळू आवाजात, घाईघाईने बोललात. "ताई, दोघांची पोटं आन् कानामागं नीट बघा. हितं गोचीड लई झालेत. तुमच्या शेजारच्या खोलीतला शेफर्ड घरी गेला आन् नाकातनं रगत पडून वारला. रगत तपासून घ्या, थांबू नका." आणि फोन ठेवलात. माझी दोन्ही कुत्री, बंड्या आणि भुरी, आज घरात आहेत ती या चार वाक्यांमुळे. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. आमच्या डॉक्टरबाईंनी तेच सांगितलं, आणि का ते समजावूनही सांगितलं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन साताऱ्याला होतं म्हणून दोघांना तुमच्याकडे ठेवलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. परत आणलं तेव्हा दोघंही आंघोळ घातलेली, स्वच्छ, शेपट्या हलवत आली. बंड्या अधूनमधून ठसकत होता, तेवढंच. घरी कोणाच्या मनात शंका यावी असं काही नव्हतं. खरी गोम तिथेच आहे. बोर्डिंगमध्ये लागलेला आजार बहुतेक वेळा घरी आल्यावर डोकं वर काढतो. केनेल कफ म्हणतात तो कोरडा खोकला दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. उलट्या-जुलाबांनी कुत्र्याला खलास करणाऱ्या पार्वोला साधारण तीन ते सात दिवस. गोचीडताप, म्हणजे एर्लिकिया, तर गोचीड चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसू लागतो. तोवर कुत्रा आपल्या घरी, आपल्या सोफ्यावर असतो. मग बोर्डिंगचे मालक म्हणतात, "आमच्याकडून तर धडधाकट गेला होता." त्यात शब्द एकही खोटा नसतो, आणि तरीही त्या वाक्यामुळे कुत्री मरतात. घरच्याला आत काय झालं ते माहीत नसतं आणि डॉक्टरला तर त्याहून नसतं. आत काय चाललंय ते रोज डोळ्यांनी बघणारा एकच माणूस असतो, झाडलोट करणारा आणि खायला घालणारा. तो बोलला तरच कळतं.

तुम्ही बोललात.

तुमचा फोन झाल्यावर दोघांना उताणं करून पाहिलं. बंड्याच्या पोटावर, केस विरळ असतात तिथे, बारीक लाल ठिपके होते. डास चावल्यासारखे वाटतात, पण बोटाने दाबून पाहिलं तरी ते फिके पडत नाहीत. कातडीखाली रक्त झिरपल्याची ती खूण. हिरड्या फिकट होत्या. दवाखान्यात ताप मोजला तो १०४.५, कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं. भुरी मात्र अगदी नेहमीसारखी, खाणंपिणं व्यवस्थित. तिला न्यायची गरज नाही, गावठी कुत्र्यांना असलं काही होत नाही, असं दोघा-तिघांनी सांगितलंही. पण तुम्ही "दोघांची" म्हणाला होतात, म्हणून तिलाही नेलं.

रक्ताचे रिपोर्ट आले. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी, साधारण दोन ते पाच लाख असायला हव्यात. बंड्याच्या ४२ हजार होत्या. आणि आमच्या धडधाकट भुरीच्या ८८ हजार.

आता पुढचं नीट ऐका काका, कारण तुमच्या फोनची खरी किंमत इथे आहे. दवाखान्यात थेंबभर रक्तावर करतात ती झटपट चाचणी भुरीच्या बाबतीत निगेटिव्ह आली. ती चाचणी रक्तात जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. सुरुवातीच्या दिवसांत आजार असूनही चाचणी 'नाही' म्हणू शकते. माहिती नसती तर कुठल्याही डॉक्टरने "पुन्हा पाहू" म्हणून घरी पाठवलं असतं आणि त्यात त्यांची चूक नसती. पण डॉक्टरबाईंना तुमचं बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं: शेजारची खोली, शेफर्ड, नाकातून रक्त, खूप झालेले गोचीड. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे ज्यांनी सांगितलं त्यांनी अर्धं निदान केलंय." दोघांनाही त्याच संध्याकाळी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं. पूर्ण २८ दिवसांचा कोर्स, रोज जेवणानंतर, कारण रिकाम्या पोटी दिलं की उलटी होते. पुढच्या तपासणीसाठी भुरीचं रक्त वेगळं पाठवलं, आणि त्यात एर्लिकिया निघालाच.

हा आजार सुरुवातीला सापडला तर गोळ्यांनी बरा होतो. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा जेवायला लागतो. पण नाही सापडला तर तो गप्प बसतो. कधी काही महिने, कधी काही वर्षंही. वरून कुत्रा ठणठणीत दिसतो. मग एक दिवस हाडांतला मगज रक्त तयार करणंच सोडून देतो, आणि तिथून कुत्र्याला परत आणणं फार अवघड असतं. भुरी नेमकी त्या वाटेवर होती. बंड्याला ताप होता, त्याला आज ना उद्या नेलंच असतं. भुरीला कोणीही नेलं नसतं. म्हणून हे आभार बंड्याचे आहेतच, पण भुरीचे जास्त आहेत.

शेफर्डबद्दल तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत होतात, की त्याला एवढं का झालं आणि इतरांना का नाही. डॉक्टरबाईंना मी विचारलं. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार इतर जातींपेक्षा जास्त भयंकर रूप घेतो, असं पूर्वीपासून दिसलंय. आजाराची पहिली नोंद १९३५ साली अल्जेरियात झाली, पण जगाने त्याकडे खरं लक्ष दिलं ते व्हिएतनाम युद्धात, अमेरिकी लष्कराची कुत्री नाकातून रक्त येऊन मरू लागली तेव्हा. त्यांत शेफर्ड पुष्कळ होते. तेव्हा तुमच्या हातून काही राहून गेलं म्हणून तो गेला असं मनात आणू नका. तुम्ही रोज रात्री बॅटरीच्या उजेडात चिमट्याने गोचीड काढत होतात, नखाने न चिरडता रॉकेलच्या डबीत टाकत होतात. ही पद्धत बरोबरच होती असं डॉक्टरबाईंनी आवर्जून सांगायला सांगितलंय. कुत्र्याच्या अंगावर रॉकेल चोळणारे लोक आहेत, तुम्ही ते कधी केलं नाहीत.

तुम्ही म्हणाला होतात, कितीही काढले तरी दुसऱ्या दिवशी परत तितकेच. ते तसंच होणार होतं. कुत्र्यांवरचा हा तपकिरी गोचीड आयुष्याचा फार थोडा काळ अंगावर असतो. रक्त पितो, एरंडीच्या बीसारखा टम्म फुगतो, गळून पडतो आणि भिंत चढून फटीत जाऊन बसतो. एक मादी तिथे चार हजारांपर्यंत अंडी घालते. मोठे गोचीड उपाशीपोटी महिनोन् महिने तग धरतात. फरशी रोज फिनाईलने धुतली तरी छताजवळच्या भेगेत काहीच पोचत नाही. भिंतींच्या फटी बुजवणं, औषधाची फवारणी ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा करणं आणि येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला आधी गोचिडांवरची गोळी दिल्याशिवाय आत न घेणं, एवढं केलं असतं तर तुमच्या चिमट्यावर सगळा भार आला नसता. हे मालकाचं काम होतं. दोन माणसांवर एवढी कुत्री सोपवणं, खोकणाऱ्या कुत्र्याला इतरांबरोबर त्याच अंगणात सोडायला लावणं, आणि शेफर्डच्या घरच्यांचा फोन आल्यावर "कुणाला काही बोलायचं नाही" म्हणून बजावणं, याचा मला आजही संताप येतो. त्या घरच्यांनी फोन करून कळवलं होतं. तीच बातमी त्याच दिवशी बाकीच्यांना मिळायला हवी होती.

ती तुम्ही पोचवलीत. नंतर मला कळलं की तुम्ही फक्त मला नाही, रजिस्टरमध्ये नंबर होते तितक्या सगळ्यांना फोन केलात, तेही स्वतःच्या मोबाइलवरून. काहींनी तुमच्यावरच आरडाओरडा केला. त्यांच्या वतीने मी माफी मागते. एका ताईंच्या बीगलला आणि एका आजोबांच्या स्पिट्झलाही वेळेत औषध मिळालं. दोघांशी माझं बोलणं झालंय, आणि दोघांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. आजोबा तर म्हणाले, "त्या माणसाला एकदा भेटायचंय मला."

नोकरी जाण्याची भीती तुम्हाला होती. घरी लेकीची फी, गावाकडे औषधपाणी, हे सगळं डोळ्यांसमोर असताना तुम्ही तो फोन केलात. मोठ्या पगाराची, शिकलेली माणसं अशा वेळी गप्प बसतात.

आणखी एक गोष्ट. मी तुमच्याबद्दल सांगत असताना डॉक्टरबाईंनी मध्येच विचारलं, "ते खोल्या धुताना पायात काय घालतात?" मी म्हटलं, स्लिपर. त्या गंभीर झाल्या. कुत्र्यांच्या खाण्यामागे उंदीर येतात, उंदरांच्या मुतातून लेप्टो हा तापाचा आजार पसरतो, आणि तो कुत्र्यासारखाच माणसालाही होतो. पायाला चीर असली की ओल्या फरशीवरून सरळ आत जातो. पावसाळ्यात मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना प्रतिबंधासाठी जी गोळी देतात, तीही डॉक्सीसायक्लिनच असते, म्हणजे आमच्या बंड्याचीच. तुमच्या टाचांच्या भेगा मी पाहिल्या आहेत. गमबूट आणि रबरी हातमोजे पाठवले आहेत, ते कपाटात ठेवू नका, वापरा. आणि ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले तर अंगावर काढू नका. डॉक्टरकडे जा आणि "मी कुत्र्यांच्या खोल्या धुतो" हे आधी सांगा. तुम्ही मला जसं सांगितलंत, तसंच.

नवीन ठिकाणी बरं चाललंय हे ऐकून फार समाधान वाटलं. तिथे कुत्रा घेताना लसीकरणाचं कार्ड बघतात, आल्या-आल्या कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या तपासतात, खोकणाऱ्याला वेगळं ठेवतात, आणि हे सगळं करायला त्यांनी तुम्हालाच नेमलंय, असं तुमची लेक म्हणाली. योग्य माणूस योग्य जागी गेला. आईला पुढच्या तपासणीला न्यायचंय तेव्हा दोघांना तुमच्याकडेच सोडणार आहे. बंड्याला चिकन-भात थोडा कमी घाला, वजन वाढलंय. भुरीला तुमच्या हातची ज्वारीची भाकरी आवडते, ती तिला द्या.

बंड्याच्या प्लेटलेट आता तीन लाखांच्या पुढे आहेत. भुरीच्या दोन लाख दहा हजार. तिचं रक्त अजून एकदा तपासायचं आहे. रिपोर्ट हातात आला की सगळ्यांत आधी तुम्हाला फोन करते.

तुमची,
बंड्या-भुरीची ताई