१४ हजार फायली आणि कॅनभर डिझेल

मा. संपादक,

कालच्या रविवार पुरवणीत त्या अँथनी लेवांडोवस्कीवर, म्हणजे बिनड्रायव्हरच्या गाड्या बनवणाऱ्या त्या अमेरिकन इंजिनीअरवर, अख्खं पान दिलंत, ते वाचलं आणि डोकं फिरलं म्हणून हे लिहायला बसलोय. पान देऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण खाली चौकट टाकलीय, की आपल्या गोव्यातल्या तरुणांनी ह्याच्याकडून चुकांना न घाबरणं शिकावं. म्हणजे नक्की काय शिकावं, तेवढं कळवा.

मोटरसायकलबद्दल माझी काहीच तक्रार नाही. २००४ साली अमेरिकेतल्या मोजावे वाळवंटात डार्पा ह्या तिथल्या लष्करी संशोधन संस्थेने बिनड्रायव्हर गाड्यांची शर्यत ठेवली होती, तीत बाकीचे चार-सहा चाकांची धुडं घेऊन आले आणि हा पोरगा बिनस्वाराची मोटरसायकल घेऊन गेला, डोकं पाहिजेच त्याला. सुरुवातीलाच ती आडवी झाली, कारण तोल सांभाळणारी यंत्रणा चालू करायलाच हा विसरला. हे तुमच्या लेखकाने गाळलं. का गाळलं? मला तर तेवढंच वाचून माणूस आवडला असता. आता ती गाडी स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये ठेवलीय म्हणे. आमच्या म्हापशाच्या पायलटांना, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना, दाखवा एकदा तिचा फोटो, भाडं कोणाच्या हातात द्यायचं असं पहिलं विचारतील.

तर बटण विसरला ती झाली चूक. गुगलच्या बिनड्रायव्हर गाड्यांच्या कामातून बाहेर पडायच्या आधी तिथल्या १४ हजारांवर फायली उतरवून न्यायच्या, २०१६ च्या जानेवारीत नोकरी सोडायची, ओट्टो नावाची बिनड्रायव्हर ट्रकची कंपनी काढायची आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती उबरला विकायची, ह्याला तुम्ही पण चूकच म्हणता? (ओला-उबरचं नुसतं नाव काढलं तरी आमचे टॅक्सीवाले रस्त्यावर उतरतात, आणि तुम्ही पहिल्या पानावर त्यांनाच झोडपता, तो विषय वेगळा.) बरं गुगलने ह्याला उपाशी ठेवलं होतं असंही नाही, १२ कोटी डॉलरच्या आसपास बोनस मिळालेला माणूस हा. पुढे वेमोने, म्हणजे गुगलच्याच बिनड्रायव्हर गाड्यांच्या कंपनीने, उबरला कोर्टात खेचलं, उबरने ह्याला काढून टाकलं, २०१८ मध्ये उबरने साधारण साडेचोवीस कोटी डॉलरचे शेअर देऊन मिटवून घेतलं. ह्याच्यावर चोरीचे ३३ आरोप लागले, शेवटी एकाच फायलीपुरता गुन्हा कबूल केला आणि ऑगस्ट २०२० मध्ये १८ महिने शिक्षा झाली. न्यायाधीश अल्सप यांनी साफ सांगितलं होतं की ह्याला जेलमध्ये नाही पाठवलं तर पुढच्या प्रत्येक हुशार इंजिनीअरला चोरीचा परवाना दिल्यासारखं होईल. वर असंही फर्मावलं की मी जेलमध्ये का गेलो ह्या विषयावर ह्याने भाषणं द्यायची. कोरोनामुळे आत जाणं पुढे ढकललं आणि जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प साहेबांनी खुर्ची सोडता सोडता माफी देऊन टाकली. एक दिवस आत गेला नाही. आता त्या भाषणांचं काय झालं देव जाणे.

हे सगळं तुमच्या लेखात अडीच ओळीत. ‘काही कायदेशीर अडचणींवर मात करून’! वा.

माझे भावोजी सत्तरी तालुक्यातले, खाणीवर टिपर चालवायचे. ही २०१२ च्या बंदीच्या आधीची गोष्ट, जेव्हा ट्रिपांवर पैसे मिळायचे आणि ड्रायव्हर लोक जेवण सोडून ट्रिपा मारायचे. एका संध्याकाळी सुपरवायझरने त्यांच्या सीटमागे डिझेलचा कॅन पकडला. भावोजी म्हणत होते टाकी गळते म्हणून वर्कशॉपवाल्यानेच काढून ठेवायला सांगितलं. खरं खोटं मला माहीत नाही, मी काय साक्षीला नव्हतो. समजा चोरलंच. कॅनभर डिझेल. दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनने आत सोडलं नाही, आधीच्या ट्रिपांचे पैसे बुडाले, आणि संध्याकाळपर्यंत त्या पट्ट्यातल्या सगळ्या कंत्राटदारांकडे नाव पोचलं होतं. तक्रार नाही, पोलीस नाही, कोर्ट तर नाहीच, निकाल मात्र लागला. नंतर कोणी ट्रक दिला नाही. ताईने बांगड्या गहाण ठेवून सेकंडहँड टिपर घ्यायचं ठरवलेलं, तेवढ्यात २०१२ ला मायनिंगच बंद पडलं म्हणून बांगड्या वाचल्या, एवढंच काय ते चांगलं झालं. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीज रद्द केली तेव्हा भावोजी पर्वरीला एका बिल्डिंगवर रात्रपाळीचे वॉचमन होते. आजही आहेत. गावात अजून कोणीतरी मागून डिझेल म्हणून हाक मारतो आणि ते ऐकलं न ऐकलं करतात. त्यांच्या चुकांवर मात केल्याची पुरवणी कधी काढताय?

आणि लेखात जे यायलाच पाहिजे होतं तेच नाही. हा माणूस सध्या करतो काय? २०१८ ला प्रिअस गाडीने अमेरिकेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाचेक हजार किलोमीटर, स्टिअरिंगला हात न लावता गेलो म्हणून जाहीर केलं, ते छापलंत. पण त्याच्या प्रोन्टो ह्या नव्या कंपनीचा आता मुख्य धंदा काय, तर दगडखाणीतले आणि खाणीतले डंपर बिनड्रायव्हरचे करून देणे! डिचोलीत, सांग्यात, कुडचड्यात ज्यांची घरं टिपरवर चालली त्यांना ही बातमी आहे हो. गडकरी २०२३ मध्ये नागपुरात बोलले की ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही, लोकांच्या नोकऱ्या जातील. ते रस्त्याचे मंत्री, खाणीच्या गेटच्या आत कोण बघणार? तिथे ना सिग्नल ना माणसांची गर्दी, खड्ड्यातून भरायचं आणि डंपवर नेऊन ओतायचं, तोच रस्ता दिवसभर. यंत्राला शिकवायला याहून सोपी जागा नाही, म्हणून तर तो रस्ता सोडून तिकडे वळला असणार. हुशार आहेच तो. अशा ट्रकमधून डिझेल कोणी काढणार नाही हे पण मालकांना पटेल.

त्याने मध्यंतरी एआयला देव मानणारा पंथही नोंदवला होता, नंतर गुंडाळला आणि २०२३ मध्ये परत काढला. आमच्याकडे देवळाच्या महाजनकीवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात आणि हा नवीन देवच काढायला निघालेला. ते मात्र तुम्ही रंगीत चौकटीत दिलंत, चांगलं वाचनीय होतं, खोटं कशाला बोलू.

लेखकाची भाषा छान आहे, त्यांच्यावर वैयक्तिक राग नाही. फक्त पुढच्या वेळी प्रेरणा द्यायला माणूस निवडताना त्याची कोर्टाची कागदपत्रं पण चाळा, इंटरनेटवर फुकट मिळतात.

जाता जाता, वीज खंडित होण्याच्या सूचना तुम्ही हल्ली वीज जाऊन आल्यानंतर छापता. गेल्या मंगळवारी डिचोलीत सकाळपासून लाईट नव्हती, टाकीत पाणी नाही, आणि सूचना आली बुधवारी पान ५ वर. खात्याकडून उशिरा येते की तुमच्याकडे पडून राहते ते बघा, आणि पुरवणीतली अर्धी जाहिरात कमी करून ती सूचना पहिल्या पानावर घ्या.

आपला,
एक जुना वाचक, डिचोली