मोरीतली नळी

बेंगळुरू, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगायला गेले तर बाबा "बरं बरं" म्हणतात आणि आई मध्येच "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहितेच आहे. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून फ्रिजवर लाव.

परवा व्हिडिओ कॉलवर आई तुळस दाखवत होती तेव्हा मागे बाबा दिसले. पाटावर बसून, वॉशिंग मशीनच्या तोंडात हात घालून, धुऊन झाल्यावर आत राहिलेलं पाणी तांब्याने उपसत होते. विचारलं तर आई म्हणते, "काही नाही गं, रोजचंच आहे." शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं की त्याच सांडलेल्या पाण्यावरून आई, तू पंधरा दिवसांपूर्वी सटकलीस. रागावले नाहीये. म्हणजे थोडी रागावलेय, पण माझ्यावरच.

मशीन माझ्या हट्टाचं. २०१९ ला कृष्णामाई घरात येऊन गेली, जुनं सेमी-ऑटोमॅटिक चिखलात गेलं, तेव्हा तू एवढंच म्हणाली होतीस, "वरून कपडे टाकायचं घे, वाकायला नको." मी दुकानदाराचं ऐकलं. पाणी कमी लागतं, कपडे झिजत नाहीत, वगैरे. ते खोटं नाही, पण हातात पहिला मोठा बोनस होता आणि मला काचेच्या दाराचं मशीन सांगलीच्या घरात मिरवायचं होतं. तुमचे गुडघे तेव्हा माझ्या हिशोबात नव्हते.

म्हणून एक ठरवलंय, आणि ठरवून झालंय. मागच्या गल्लीतल्या मावशी सोमवार, गुरुवार, शनिवार सकाळी येतील. कपडे टाकणं, काढणं, वाळत घालणं त्यांच्याकडे. तीन महिन्यांचे पैसे मी दिलेत, त्यामुळे आई, त्यांना चहा पाजून परत पाठवायचा बेत करू नकोस. तुला जमत नाही म्हणून नाही गं. देवाचं सोवळं तू तुझ्या हाताने धू, घड्याही तूच घाल, तुझ्यासारखी घडी कुणाला येत नाही. फक्त ओल्या चादरीचं ओझं तुझ्या कमरेवर नको. पैशांचं म्हणाल तर मी इथे बाहेरच्या कॉफीवर यापेक्षा जास्त उडवते (हे वाक्य बाबांनी वाचलं नाही असं समजते).

पावसाळ्यात माझा युनिफॉर्म वाळायचा नाही, तेव्हा तू रात्री उठून त्यावर इस्त्री फिरवायचीस. सकाळी तो गरम गरम अंगात घातला की शाळेत जावंसंच वाटायचं नाही. अजूनही थंडीत ड्रायरमधून कपडे काढले की तसाच ऊबदार वास येतो आणि मी उगाच दोन मिनिटं तिथेच उभी राहते.

आता बाबा, तुम्ही. मेकॅनिक बोलवायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. मला संशय आईच्या बादलीचा आहे. धुण्याचं पाणी संडासात टाकायला म्हणून ती मशीनची नळी बादलीत सोडते ना? नळीचं टोक साठलेल्या पाण्यात बुडालं, आणि बादलीतली पातळी टबातल्या पाण्यापेक्षा वर असली, की पंप थांबल्यावर तेच पाणी नळीवाटे परत आत येऊ शकतं. बादली ठेवा, पण नळी आधी नळाला कमरेएवढ्या उंचीवर बांधा आणि टोक पाण्याच्या वर राहू द्या. मोरीच्या भोकात सोडायची असेल तर वीतभरच आत, कोपरभर खुपसू नका, आणि भोवती चिंध्या कोंबू नका. मशीनच्या मागे नळी दबली नाही ना, तेही बघा. मशीन ओढायला दादाला बोलवा. तुम्ही ओढायचं नाही.

दुसरं म्हणजे फिल्टर. पुढे खाली कोपऱ्यात छोटं झाकण आहे, आपण आजवर एकदाही उघडलेलं नाही. माझ्याकडे हेच झालं होतं, आतून दोन रुपयांचं नाणं निघालं. प्लग काढा, नळ बंद करा, गरम पाण्याची धुलाई झाली असेल तर निवू द्या. खाली बादली जात नाही, पुरणाची मोठी परात सरकवा. आत बोटाएवढी नळी असेल तर तिचं टोपण काढून आधी पाणी सोडा, परात भरली की टोपण लावा, ओता, पुन्हा. मग फिल्टर डावीकडे हळूहळू फिरवून काढा. माझी पैज आहे, आत तुमची सुपारी निघणार. सदऱ्याचा खिसा रिकामा न करता कपडे टाकायची सवय काही आजची नाही. आतला पंखा काडीने फिरतोय का बघा, मग फिल्टर सरळ बसवून घट्ट आवळा, नाहीतर तिथूनच गळेल. हे सगळं मावशींकडून करून घ्या आणि तुम्ही खुर्चीवर बसून सूचना द्या, ते तुम्हाला छान जमतं.

एवढं करूनही पाणी राहिलं तर एका रात्री मशीन कोरडं करून प्लग काढून ठेवा, नळ मात्र चालू ठेवा आणि नळी मोरीत नीट बांधलेली असू द्या. सकाळी आत पाणी दिसलं तर पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह गळतोय. दिसलं नाही, तर मशीन फक्त पाणी काढायच्या सेटिंगवर लावून कान द्या. घूं आवाज येतो पण पाणी जात नाही, की आवाजच नाही? तेवढं मला कळवा, मेकॅनिकला इथूनच फोन करते.

दाराच्या रबराच्या खाचेत थोडं पाणी राहणारच, ते पुसून दार उघडं ठेवा. पावडर मशीनचीच, आणि आई, मूठभर नाही. फेस जास्त झाला की पंपाला पाणी ओढवत नाही. तांब्या देवघरात परत ठेवा. मोरीपुढे रबरी पायपुसणं पाठवलंय, बुधवारपर्यंत येईल, "चांगलं आहे, पाहुण्यांसाठी ठेवू" म्हणून कपाटात टाकू नका. आणि आई, कंबर दुखत असेल तर मला सांग. काकूंना नको.

तुमची,
ठकी

ता. क. फिल्टरमधलं लगेच फेकू नका, परातीत नीट बघा. आईच्या कुडीतला मोती हरवला तेव्हा आपण उगाच दादाच्या पोरीला बोललो होतो.