डहाणूच्या सुनावण्यांचे कागद द्या: न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी जन्मशताब्दीनिमित्त आवाहन

२० नोव्हेंबर २०२७ रोजी न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या जन्माला शंभर वर्षे होतील. पुतळा, चौकाला नाव, जाहिरातींनी भरलेली स्मरणिका अशा सूचना आल्या. त्या बाजूला ठेवल्या आहेत. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणापुढे त्यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सुनावण्यांचे कागद घराघरांत पडून आहेत. ते गोळा करायचे, टिकवायचे आणि कोणालाही वाचता येतील असे ठेवायचे, असे वाचनालय समितीने ठरवले आहे. त्यासाठी कागद हवेत, काम करणारे हात हवेत आणि ४ लाख ३१ हजार रुपये हवेत.

तरुण वाचकांसाठी थोडक्यात: सर्वोदयी विचारवंत दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव. नागपुरात वकिली, १९७२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, १९८९मध्ये निवृत्ती. आणीबाणीतल्या स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असे म्हणणाऱ्या न्यायमूर्तींपैकी ते एक. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६मध्ये ती भूमिका फेटाळली आणि २०१७मध्ये स्वतःचाच तो निकाल चुकीचा ठरवला. ते पाहायला न्यायमूर्ती हयात होते. २००३मध्ये पद्मभूषण मिळाले.

पण डहाणूसाठी ते मोठे ठरले निवृत्तीनंतर. २० जून १९९१च्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, तरी तिची अंमलबजावणी होईना. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६च्या आदेशानंतर त्याच डिसेंबरात प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्षपद न्या. धर्माधिकारींकडे आले आणि ३ जानेवारी २०१९ला निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. १९९८मध्ये प्राधिकरणाने तालुक्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराला नकार दिला. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश १९९९मध्ये झाला. यंत्रणा प्रत्यक्ष चालू व्हायला २००७ उजाडले. मधल्या काळात कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ३०० कोटींच्या बँक हमीपर्यंत गोष्ट गेली.

आदेशाची प्रत कुठे ना कुठे सापडते. सापडत नाहीत ते त्यामागचे कागद: चिकूचा मोहोर गळाल्याची बागायतदारांची निवेदने, मच्छिमारांच्या हरकती, पाड्यांवरून आलेले अंगठ्यांचे अर्ज, सुनावणीच्या नोटिसा, तारखांना हजर राहिलेल्यांनी घेतलेली टिपणे. प्राधिकरणानेच जुलै २०२३मध्ये वाढवणला परवानगी दिली. तुम्ही बंदराच्या बाजूचे असा की विरोधातले, १९९८चा नकार कशावर उभा होता हे समजून घ्यायला हेच कागद लागणार.

आता कृपा करून कागद आणण्याआधीचे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान मदतीच्या उत्साहातच होते.

रुमालात बांधलेले दप्तर तसेच आणा. तारखेनुसार लावू नका. कोणता अर्ज कोणत्या नोटिशीला जोडला होता हे बहुतेक वेळा फक्त क्रमावरूनच कळते. गंजलेली टाचणी ओढली की कागद फाटतो, ती आम्ही काढू. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका: काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो, मग अक्षरासकट निघतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे राहिली असेल तर शाई प्लास्टिकला चिकटलेली असते, तेव्हा पाकिटासकट द्या. ओलसर किंवा बुरशी आलेले बंडल उन्हात टाकू नका, कागद वळतो आणि कडक होतो. सावलीत, हवा खेळती राहील अशा जागी, क्रम न बदलता सुटे ठेवा, मास्क लावा, आणि ते वेगळ्या पिशवीत आणा, नाहीतर बुरशी इतर कागदांना लागेल. डांबराच्या गोळ्यांनी कसर लांब राहते, बुरशी नाही.

सर्वांत घाई फॅक्सची आहे. नव्वदीतला गुळगुळीत फॅक्सचा कागद उष्णतेवर छापलेला असतो आणि तो आपोआप फिका होतो. असा कागद हाती लागला तर आमची वाट पाहू नका, आजच मोबाइलवर सरळ वरून, फ्लॅश न वापरता फोटो काढा, मग मूळ आणा. दुसरी अडचण फ्लॉपी आणि सीडींची. निवेदने त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. तो फॉन्ट नसला की पडद्यावर निव्वळ खिचडी दिसते. कोणाकडे तो फॉन्ट असलेला जुना संगणक चालू अवस्थेत असेल तर तो काही दिवस उसना द्या, ही देणगी पैशाइतकीच मोलाची.

प्रत्येक बंडलाची पानांच्या संख्येसह पावती मिळेल. स्कॅन साधे पान ३०० आणि कार्बन प्रत ४०० डीपीआयवर होईल. पाने आपोआप ओढणारे यंत्र वापरणार नाही, जुना कागद त्यात अडकून चुरगळतो. मूळ कागद हवे असतील तर तीन महिन्यांत परत मिळतील. लोकांसाठीच्या प्रतीत फोन नंबर आणि खासगी तपशील झाकले जातील.

पैशाचा हिशेब असा. मोठा खर्च मजुरीचा: दोन स्कॅनिंग सहायक, आठ महिने, दरमहा १२ हजारांप्रमाणे १ लाख ९२ हजार. हे काम विनावेतन करून घेतले तर दुसऱ्या महिन्यात थांबते, असा आमचा स्पष्ट कयास आहे. पावडर कोटिंगची सहा रॅक ५४ हजार. लाकडाला वाळवी लागते आणि साधे लोखंड खाऱ्या हवेत गंजते. आम्लरहित २०० खोकी आणि ३,००० फोल्डर मिळून ७२ हजार, वरून स्कॅन करणारे यंत्र ४५ हजार, हवेतला ओलावा ओढणारे यंत्र ३५ हजार, तीन हार्डडिस्क ३३ हजार. तीनपैकी एक डिस्क तालुक्याबाहेर ठेवू. पैसे उरले तर ते विजेच्या बिलाला जातील, कारण ओलावा ओढणारे यंत्र पावसाळ्यात बंद ठेवून चालत नाही.

एका खोक्याचे १८० रुपयेही चालतील. रोख २,००० रुपयांपर्यंतच घेऊ. त्यापुढे चेक किंवा बँकेतून, पॅन क्रमांकासह. देणगीदारांची पाटी लावणार नाही, हिशेब मात्र दर तीन महिन्यांनी फलकावर लागेल.

वारली बोलणाऱ्या आणि अंगठ्यांच्या अर्जांवरची गावे-पाडे ओळखू शकणाऱ्या चार-पाच जाणत्या माणसांची आठवड्यातून एक दुपार हवी आहे. कागद दिवाळीनंतर आणा, पावसात पिशवीतून नको. वाचनालय सोमवार सोडून संध्याकाळी ५ ते ७.३० उघडे असते. ज्यांना येणे जमत नाही त्यांनी तिथे निरोप ठेवला तर घरी येऊन घेऊन जाऊ.