नात्यातला सल्ला आणि घराची भिंत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नात्यातल्या किंवा ओळखीच्या व्यावसायिकाकडून फुकट सल्ला घेण्याच्या आपल्या सवयीविषयी जेव्हा बोलले जाते, तेव्हा चर्चा बहुधा पैशांवर येऊन थांबते. वकिलाने, डॉक्टरने, चार्टर्ड अकाउंटंटने आपल्याच माणसांकडून फी घ्यावी की घेऊ नये, एवढाच प्रश्न मग उरतो. मी बडोद्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून व्यवसाय करते, आणि माझ्या कामापुरते सांगायचे तर या प्रश्नातला पैशांचा भाग सर्वांत लहान आहे. फुकट मागितलेला सल्ला जवळजवळ नेहमीच अर्धवट मागितलेला असतो, आणि घराच्या बाबतीत अर्धवट सल्ला जिवावर बेतू शकतो. हे आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुंजीच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना कोणीतरी मोबाइल पुढे करते आणि म्हणते, "अगं, स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली ही भिंत काढायची आहे, गवंडी उद्या येतोय, तू नुसतं हो की नाही तेवढं सांग." विचारणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते. आपल्या घरातली मुलगी शिकली, तिच्या शिक्षणाचा चार माणसांना उपयोग व्हावा, ही अपेक्षा मला रास्तच वाटते. परंतु त्या एका 'हो'मागे किती गोष्टी पाहाव्या लागतात, याची कल्पना विचारणाऱ्याला नसते, आणि पंगतीत ती समजावून सांगायला सवडही नसते.

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या घरांमध्ये लाकडी खांब-तुळया आणि विटांच्या भिंती मिळून वरच्या मजल्याचा भार पेलतात, त्यामुळे तिथली मधली भिंतही पुष्कळदा निव्वळ आडोसा नसते. पुढच्या काळात शहराबाहेर जी टेनामेंट, म्हणजे लहान स्वतंत्र घरे, बांधली गेली, त्यांतल्या अनेकांचा स्लॅब सरळ नऊ इंची भिंतींवर टेकलेला आहे. फ्लॅटमध्ये आरसीसी, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे, खांब आणि बीम असतात, म्हणून तिथली भिंत बिनधास्त पाडता येते असा समज आहे. पण मूळ नकाशा झाल्यानंतर कोणी गच्चीवर खोली चढवली, कोणी पाण्याची दुसरी टाकी बसवली, कोणी गॅलरी आत घेतली, आणि हे वाढीव वजन आज नेमके कशावर उतरते आहे, हे जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. हजार लिटरची टाकी भरली की तिच्यातल्या पाण्याचेच वजन एक टन होते, आणि नऊ इंची विटांची दहा फूट उंच भिंत दर मीटर लांबीला साधारण दीड टन भरते. टनांच्या या हिशेबाचे उत्तर हातात ताट धरून मागितले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मोबाइलवरच्या फोटोने हा प्रश्न सुटत नाही, उलट अवघड होतो, कारण पाहिल्यासारखे वाटते आणि पाहिलेले काहीच नसते. फोटोवरून जशी नाडी पाहता येत नाही, तशी भेगही वाचता येत नाही. आरसीसी खांब आणि विटांची भिंत जिथे एकमेकांना भेटतात, तिथली सरळ उभी भेग बहुधा दोन वेगळ्या साहित्यांच्या आकुंचन-प्रसरणामुळे पडलेली असते आणि ती निरुपद्रवी असते. याउलट खांबाच्या कडेने, आतल्या सळीला समांतर जाणारी भेग, आणि तिच्या आसपास तांबूस डाग, ही सळी गंजून फुगू लागल्याची खूण असते. सळीवरचा काँक्रीटचा पापुद्रा सुटला की खांबाची भार पेलणारी जाडी घटत जाते. पडद्यावर या दोन्ही भेगा सारख्याच बारीक रेषा दिसतात. त्यातच बडोद्याच्या बऱ्याच भागांत पायाखाली काळी माती आहे, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायाच्या घरांतल्या काही भेगा मे महिन्यात रुंदावतात आणि ऑगस्टमध्ये मिटल्यासारख्या वाटतात. ऑगस्टमध्ये पाठवलेला फोटो पाहून "काही नाही, पुट्टी भरून रंग लाव" असे सांगणे सोपे आहे. खरे उत्तर हवे असेल तर त्या भेगेवर काचेची पट्टी घट्ट बसवून तिच्यावर तारीख लिहावी लागते, पट्टी तडकते का हे काही महिने पाहावे लागते, आणि मधून मधून जाऊन रुंदी मोजावी लागते. हे काम आनंदाने करणारी माणसे नात्यात असतात, पण "तेवढं सांग" या दोन शब्दांत ते बसत नाही.

हे सारे मला इतके का टोचते, याचे कारण गुजरातमधल्या माझ्या पिढीच्या कोणालाही सांगावे लागू नये. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाने दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांतल्या अनेक इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. वरचे मजले विटांच्या भिंतींमुळे ताठ राहिले, आणि तळमजल्याच्या खांबांनी सगळा धक्का एकट्याने सोसला व ते मोडले. भूकंपाविषयीच्या भारतीय मानकाच्या २००२ आणि २०१६ या दोन्ही आवृत्त्यांत बडोदे तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, धरलेले आहे. तेव्हा दुकानासाठी किंवा गाडी लावण्यासाठी तळमजल्याच्या भिंती पाडून जागा मोकळी करायची असेल, तर "भिंत भार घेत नाही ना, मग काढू का" एवढे विचारणे पुरेसे नाही. ती भिंत रोजचा भार घेत नसली तरी भूकंपाच्या काही सेकंदांत तिचा आधार असतो, आणि ती गेल्यावर उरलेल्या खांबांना काय बळकटी द्यावी लागेल, हे गणित मांडूनच ठरते.

अलीकडे त्यात सौर पॅनेलची भर पडली आहे. २०२४ साली केंद्राची सूर्यघर योजना आल्यापासून "स्लॅब वजन घेईल ना?" हा फोन वारंवार येतो. वजनाची काळजी त्या मानाने कमी असते. पॅनेलखालची गच्ची वापरता यावी म्हणून सांगाडा उंच उभारला की वारा त्या पॅनेलना वर उचलू पाहतो, आणि बोल्ट स्लॅबमध्ये किती खोल गेले, कोणत्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये गेले, यावर सगळे अवलंबून राहते. विचारणाऱ्याने जे विचारलेले नसते तेच बहुधा सांगण्यासारखे असते, आणि ते सांगायचे तर शिडी लावून गच्चीवर चढावे लागते.

यापुढची पायरी सल्ल्याची नसून सहीची आहे, आणि तिच्याबद्दल मी अधिक स्पष्ट लिहिते. पावसाळ्यापूर्वी महापालिका मोडकळीस आलेल्या इमारतींना नोटिसा देते, आणि मग "इमारत सुरक्षित आहे" असे प्रमाणपत्र लागते. अशा वेळी सोसायटीच्या कमिटीतले एखादे काका किंवा भावोजी घरी येतात, चहा होतो, आणि जाताना टाइप केलेला कागद पुढे ठेवला जातो. "तू आपलीच आहेस, दुसऱ्याकडे कुठे जायचं" या वाक्यातला जिव्हाळा खरा असतो, पण त्या कागदाखाली माझी सही म्हणजे त्या इमारतीत झोपणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल मी दिलेला शब्द असतो. प्रत्येक मजल्यावर जाऊन खांब पाहिल्याशिवाय, काँक्रीटची मजबुती जोखणाऱ्या रिबाउंड हॅमरने ते ठोकून पाहिल्याशिवाय, आणि शंका आलीच तर नमुना काढून प्रयोगशाळेत दाबून घेतल्याशिवाय हा शब्द कोणी देऊ नये. गुजरातच्या २०१७ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नव्या बांधकामासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची नेमणूक नावानिशी नोंदवावी लागते, ती याच जबाबदारीसाठी. नव्या इमारतीला जे लागू आहे ते चाळीस वर्षे पावसात उभ्या असलेल्या इमारतीला नात्याखातर माफ कसे व्हावे?

फुकट घेणाऱ्याचाही यात तोटा आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' कशाला म्हणावे हे सांगताना विनामूल्य दिलेली सेवा वगळलेली आहे. म्हणजे पंगतीत विचारून भिंत पाडली आणि वरच्या मजल्याला तडे गेले, तर ग्राहक आयोगाकडे जाण्याचा रस्ता बंद; हातात ना अहवाल, ना नकाशा, ना पावती. आणि ज्याच्यावर रागवायचे तो घरचाच, म्हणून तेही मनातल्या मनात. अशा अबोल्यात वर्षे काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि दोन्ही बाजूंची माणसे चांगली होती.

आमच्या ज्येष्ठांचे यावर एक म्हणणे असते, आणि मी ते हलके मानत नाही. बडोद्यातला मराठी समाज गायकवाडांच्या राज्यकारभाराबरोबर इथे आला आणि परप्रांतात एकमेकांच्या आधाराने टिकला. कोणाच्या घरी राहून कोणी शिकले, कोणाच्या शब्दावर कोणाला नोकरी लागली. माझ्या शिक्षणाच्या काळात पुस्तके देणारी आणि जेवू घालणारी माणसे याच समाजातली होती. मात्र याच बडोद्याने मदत कशी करावी याचाही धडा घालून दिलेला आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, आणि तिच्यासोबत परतल्यावर संस्थानची सेवा करण्याचा करार लेखी करून घेतला. औदार्य होते, आणि कागदही होता. मला तेवढेच म्हणायचे आहे.

फी हा भाग मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. ज्यांना देणे शक्य नाही त्यांच्याकडून मी ती घेत नाही, आणि माझ्या ओळखीचे बरेच सहव्यावसायिकही घेत नाहीत. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, आणि ते ओसरल्यावर जी घरे आम्ही पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचा एक रुपयाही घेतलेला नाही. पण प्रत्येक घरी गेलो, ओल किती चढली ते मोजले, पाया खचला आहे का ते खणून पाहिले, आणि दोन ओळींचा का होईना, लेखी अभिप्राय दिला. याउलट जे स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट निवडायला चार दुकाने फिरतात आणि इंटिरिअर करणाऱ्याला ठरलेली रक्कम वेळेवर देतात, त्यांना त्या ओट्याखालचा स्लॅब तपासण्याची फी विचारली की संकोच माझ्याच वाट्याला यावा, हे योग्य नाही. घरून व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना हे विशेष सोसावे लागते. "तू घरीच असतेस ना, दुपारी येऊन जा" असे म्हणणारे माझ्या भावाच्या दुकानात मात्र वेळ ठरवून जातात.

तेव्हा विनंती अशी की विचारा, जरूर विचारा, पण कामासारखे विचारा. मूळ मंजूर नकाशा शोधून काढा; तो नसेल तर घर कोणत्या साली बांधले आणि नंतर काय काय वाढवले याची यादी करा. जागेवर यायची वेळ ठरवा, आणि फी परवडणारी नसेल तर ते मोकळेपणाने आधीच सांगा, त्यात कमीपणा मुळीच नाही. जे उत्तर मिळेल ते लिहून मागा, आणि गवंड्याला तोच कागद दाखवा. शहरातल्या मराठी मंडळांनी पावसाळ्याआधी एखाद्या रविवारी दोन-तीन अभियंत्यांना बसवून लोकांना नकाशे घेऊन बोलावले, तर मी त्या दिवशी बिनमोबदला येईन, आणि ज्या घरांना भेट द्यावी लागेल त्यांची नावे तिथेच लिहून घेईन. दरम्यान, ज्यांच्या घरी या उन्हाळ्यात भिंत काढायची ठरली आहे, त्या माझ्या नातलगांनी गवंड्याला दिलेली तारीख आठवडाभर पुढे ढकलावी.

आपली विश्वासू,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, बडोदे